घरात पैलवान आहेत

आमच्या मालकांच्या घराला बाहेरून कुलूप लावलेलं मी कधी बघितलं नाही. सगळी दुनिया बाहेर पडताना कुलूप लावते, वर दोनदा ओढून बघते. मालक त्याला हसायचे. "बाहेरनं कुलूप म्हंजे चोरासाठी पाटी लावल्यागत हाय," म्हणायचे. "या पावणं, घरात कोण न्हाय." स्वतः कुठं निघाले की पायरीवर थांबायचे, माडीकडं तोंड करायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "पैलवान, दार लावून घ्या रं. आन् दोघं एकदम झोपू नकासा."

मग आतून अक्का कडी घालायच्या, साखळी लावायच्या, अडसर सरकवायच्या. पैलवान नव्हतेच. ना थोरला, ना धाकटा. त्या घरात मालक, त्यांची बायको अक्का आणि मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मी, एवढीच माणसं. मालक म्हणजे हाडाची काडी, कपाळाला विभूती आणि अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. अक्कांना दमा. आणि मी तर अशी बुटकी की दुकानात वरच्या फळीवरचं औषध काढायला स्टूल लागायचं. अशा तिघांच्या जिवावर ते घर उभं होतं.

मी नेसरीहून कोल्हापुरात आले ती एका मेडिकल दुकानात काउंटरला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खोली बघायला गेले तर मालकांनी भाडं सांगायच्या आधी माझीच उलटतपासणी घेतली. इथं राहायला येणार हे कुणाकुणाला सांगितलंस? भेटायला कोण येणार? भाऊ हाय? अंगानं कसा हाय? मी म्हटलं, बारीक आहे. त्यांचा चेहरा पडला. "मग नगं बोलवूस त्याला," म्हणाले. "आला तर वाईट दिसंल."

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याच पावली माघारी फिरले असते. माझा स्वभाव फटकळ, असली तऱ्हेवाईक माणसं मला सोसत नाहीत. पण दारामागून अक्का बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, राहा म्हणून, आणि मी राहिले.

मालक मूळचे सीमेकडचे, कानडी-मराठी दोन्ही सारखंच बोलणारे. मिरचीचा व्यापार होता, तो विकून घरी बसले होते. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. पैलवान त्यांच्या घरात कसे आले ते मला अक्कांनी सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलती. संध्याकाळी परत आली तर घर फुटलेलं. अक्कांच्या माहेरच्या पाटल्या, चांदीची भांडी, सगळं गेलं होतं. पण मालकांना त्याचं तेवढं लागलं नाही. चोरांनी स्वयंपाकघरात पाट मांडून, ताटं वाढून घेऊन, दहीभात खाल्ला होता. हात धुवून ताटं मोरीत ठेवून गेले होते. "माझ्या पाटावर बसून जेवलं," मालक म्हणायचे, आणि इतक्या वर्षांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "म्हंजे त्यास्नी ठावं होतं, आम्ही येत न्हाय म्हणून. कुणीतरी सांगितल्याबिगर कसं ठावं?"

त्या दिवसापासून घर रिकामं ठेवायचं नाही, हा कायदा झाला. दोघांनी एकदम बाहेर पडायचं नाही. पडायचे ते मालकच, कारण बाजार, दूध, बँक. अक्का घरात. मी तिथं राहायला गेले तेव्हा अक्का माहेरी जाऊन किती वर्षं झाली होती ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आणि तरी मालकांचं समाधान होईना. दम्याच्या बाईला बघून कुठला चोर पळणार? म्हणून मग माडीवर पैलवान आले, दोघं, मालकांचे लांबचे भाचे, मुरगूडकडचे.

कोल्हापुरात कुणी खोटा इन्स्पेक्टर सांगितला असता तर चार दिवसांत उघडं पडलं असतं. पैलवानावर मात्र कुणी शंका घेत नाही. मालकांनी काम पण मन लावून केलं. माडीच्या गॅलरीत तांबडे लांगोट वाळत घातलेले असायचे, ते रोज भिजवून पिळून परत घालायचे. दारात म्हशीच्या खुराएवढ्या कोल्हापुरी चपला, दोन जोड. सकाळी त्यांची जागा बदलायची, पावसाळ्यात त्यांना चिखल फासायचा. दुपारी मालक माडीवर जाऊन मुसळानं जमीन बडवायचे आणि घशातून हुं हुं करायचे. खाली अक्का भाजी निवडत असायच्या, वर मालकांच्या बैठका चाललेल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले. मालक घामाघूम होऊन खाली आले आणि म्हणाले, "हसतीस काय? जोर मारायला काय सोपं वाटलं तुला?"

सगळ्यात हुशारी त्यांच्या तक्रारीत होती. दूधकट्ट्यावर उभं राहून चारचौघांत कुरकुरायचे. थोरल्याच्या खुराकानं घराचं दिवाळं निघालं. धाकटा आळशी, उठवल्याबिगर उठत न्हाय. एकाचा कान मोडला, दुसऱ्याचा गुडघा सुजला. नसलेल्या माणसाचं कौतुक कुणीही करेल. नसलेल्या माणसाला कुणी शिव्या घालत नाही, आणि म्हणून गल्लीचा विश्वास बसला. पुढं तर गल्लीच मालकांच्या चार पावलं पुढं गेली. पानवाल्यानं थोरल्याला एका गावच्या जत्रेत कुस्ती मारताना बघितलं होतं. समोरच्या काकूंना धाकटा जिन्यावर भेटायचा, आणि तो थोरल्यापेक्षा स्वभावानं गरीब होता. एकदा तर एक पाव्हणा पोरीचा फोटो घेऊन थोरल्यासाठी स्थळ सांगत आला. मालकांची पाचावर धारण बसली. शेवटी म्हणाले, "पैलवानानं मारुतीपुढं शपथ घेतलीया, लग्न करायचं न्हाय." पाव्हण्यानं हात जोडले, चहा घेतला आणि गेला. मालक त्या दिवशी जेवले नाहीत.

मला हे सगळं समजल्यावर त्यांनी देवघरापुढं बसवून माझ्याकडून वचन घेतलं. "पोरी, हे बाहेर फुटलं तर माझं घर उघडं पडलं. मग मी कुणाच्या जिवावर झोपू?" त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती खरी होती, म्हणून मी हो म्हटलं.

आणि एका दुपारी हसू पण बंद झालं. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणणारे दोघं गल्लीत शिरले होते. समोरच्या काकूंच्या बांगड्या त्यांनी काकूंच्या डोळ्यांदेखत बदलल्या, हे आम्हाला नंतर कळलं. माझी सुट्टी होती. मालक बँकेत गेले होते. दार वाजलं. अक्कांनी खिडकीच्या फटीतून बघितलं आणि माझा हात धरला. बाहेरचा म्हणाला, "मावशी, पाणी द्या की जरा." त्यानं दाराला हात लावला. फळी आतल्या बाजूला थोडीशी दबली, ती मला दिसली. अक्कांची छाती शिट्टी घालायला लागली होती आणि तो आवाज बाहेर जाईल म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात दुसऱ्याचं लक्ष खाली गेलं असणार, कारण तो हळूच म्हणाला, "चपला बघ." मग पावलं लांब गेली. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि मी त्यांचा दम्याचा पंप आणायला आत धावले.

त्यानंतर मालकांना मी खुळं म्हटलं नाही. पण एक गोष्ट मला दिसायची आणि दिसून राग यायचा. चोराला जे जे सोसणार नाही ते सगळं अक्काच सोसत होत्या. खिडक्यांत मिरचीपूड भरलेल्या वाट्या, चोराच्या डोळ्यांत घालायला. त्या पुडीनं खोकला लागायचा अक्कांना. हवा यावी अशी एक गॅलरी, तिला वरपासून खालपर्यंत लोखंडी ग्रील, त्याला कुलूप आणि किल्ली मालकांच्या करदोट्याला. मी एकदा बोललेच, "मालक, घर राखताय का अक्कांना कोंडताय?" ते कावरेबावरे झाले. म्हणाले, "तिच्यासाठीच करतोय की सगळं. तिच्याच पाटल्या गेल्या."

अक्का मला नंतर आत बोलावून म्हणाल्या, "त्यास्नी नगं बोलूस. त्या दहीभातानं माणूस खचलाय माझा."

मग तो पूर आला. दोन हजार सालानंतरचा. आमची गल्ली पंचगंगेकडच्या उताराची, पाणी दारात यायची सवय होती. पण त्या वर्षी पाऊस हटेना. रिक्षा फिरवून भोंग्यावर सांगत होते, घरं सोडा. गल्ली गाठोडी बांधून वरच्या अंगाच्या शाळेत निघाली. मालक हलायला तयार नव्हते. "पाणी आलं तर उतरतंय," म्हणाले. "चोर आला तर काय ठेवतोय?" पुरात सोडलेली घरं फोडायला माणसं टायरच्या ट्यूबवर बसून येतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते काही अगदी खोटंही नव्हतं. भांडी, कपडे, ट्रंका आम्ही दिवसभर माडीवर चढवल्या. समोरच्या काकू जाताना बोलवायला आल्या. मालकांनी खिडकीतून सांगितलं, "जावा तुम्ही. आमची काळजी करू नका. घरात पैलवान हायत."

सकाळी उठलो तर खालच्या खोल्यांत गुडघाभर पाणी आणि अक्कांचा पंप संपलेला. दमट हवेत त्यांचं रात्रीपासूनच बिघडलं होतं. त्या बोलत नव्हत्या, खाटेवर पुढं वाकून नुसत्या श्वास ओढत होत्या. मी म्हटलं, मी आणते. मालकांनी दार उघडलं, मला बाहेर काढलं आणि त्या पाण्यात उभं राहून पुन्हा कडी घातली. कडी घातल्याचा आवाज ऐकून मला रडूच आलं.

दुकानापर्यंत पोचायला आणि औषध घेऊन यायला माझी सकाळ गेली. परत आले तर गल्लीच्या तोंडालाच पाणी गळ्याशी आणि आत त्याला ओढ. घरांचे खालचे मजले बुडाले होते. वरच्या चढावर गल्लीतली माणसं उभी होती आणि मधोमध आमच्या गल्लीच्या तालमीचे म्हातारे वस्ताद. नाव मिळाली नव्हती म्हणून तालमीच्या पोरांनी एका गुऱ्हाळातली काहील आणली होती, गुळासाठी रस उकळतात ती भलीमोठी लोखंडी कढई. तिला दोर बांधून, दोन्ही बाजूंनी पोहत ती आत न्यायची आणि अडकलेली माणसं भरून आणायची. कुठल्या घराकडं जायचं ते वस्ताद सांगत होते. मी ओरडले, "आधी आमच्या घराकडं पाठवा."

"तिकडं शेवटी," पानवाला म्हणाला. "तिथं दोन पैलवान हायत. म्हाताऱ्यास्नी खांद्यावर घिऊन येतील की."

माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पंप होता. देवघरापुढं दिलेलं वचन मला आठवलं, खोटं कशाला बोलू. पण ते आठवून संपायच्या आत मी बोलून गेले होते. "न्हाईत पैलवान. कुणी न्हाई तिथं. अण्णांनी उठवलेलं सगळं. अक्का मरायला लागल्यात."

कुणी जागचं हललं नाही. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, पोरगी घाबरलीया म्हणून. पानवाला म्हणाला, "परवाच धाकट्याला बघितलं की मी." माझं डोकं फिरलं. "कुठं बघितलंस? तोंड कसं हाय त्याचं? सांग की." तो म्हणाला, पाठमोरा होता. काहील तोवर दुसऱ्या घराकडं वळायला लागली होती. मला एकच सुचलं. मी वस्तादांपुढं जाऊन उभी राहिले. "वस्ताद, त्यांचा वस्ताद कोण?"

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. कोल्हापुरात पैलवानाचं नाव नुसतं कुणी घेत नाही. आधी तालीम, मग वस्ताद, मग तो. वस्ताद शेजारी उभ्या असलेल्या पलीकडच्या तालमीच्या कारभाऱ्याकडं वळले. "तुमच्याकडं येत्यात न्हवं ती पोरं?" कारभारी म्हणाला, "न्हाय बा. आम्हाला वाटलं तुमच्यात हायत." वस्तादांनी बाकीच्यांवर नजर फिरवली. एकेकानं मान हलवली, आमच्यात न्हाईत म्हणून. पानवाला खाली बघायला लागला.

"इतकी वर्षं लाल मातीत दिसली न्हाईत," वस्ताद म्हणाले, "म्हंजे न्हाईत. काहील फिरवा."

मी काहिलीत बसले, कारण गॅलरीची बाजू मला ठाऊक होती. ती काहील स्वतःभोवती गरगरते, माणसाला दिशाच राहत नाही. पोरं शिव्या घालत, गटांगळ्या खात ती ढकलत होती. गॅलरी पाण्यापासून हातभर वर राहिली होती. ग्रीलच्या आत मालक उभे होते, हातात मुसळ. मला बघून त्यांनी मुसळ खाली ठेवलं. मी गजांतून पंप दिला. अक्कांनी तो ओढला, परत ओढला. शिट्टी थांबेना. त्यांचे ओठ निळसर दिसत होते, ते मला बाहेरूनही कळत होतं.

"मालक, ग्रील उघडा. दवाखान्यात न्यायला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, मागं रचून ठेवलेल्या ट्रंकांकडं बघितलं. "तुम्ही तिला डॉक्टरचं औषध आणून द्या," म्हणाले. "आम्ही इथंच बरं हाय."

"चोर येईल तेव्हा येईल, मालक. यम आलाय घरात."

त्यांचा हात करदोट्याकडं गेला आणि तिथंच थांबला. अक्का बोलू शकत नव्हत्या. त्या खाटेवरून उठल्या आणि भिंत धरत धरत गॅलरीत आल्या. ग्रीलपाशी येऊन त्यांनी गज धरले आणि गजांच्या मधे तोंड घालून बाहेरची हवा ओढायला लागल्या. मालकांनी ते बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत ते ग्रील त्यांना पहिल्यांदा आतल्या बाजूनं दिसलं असेल. त्यांनी कुलूप काढलं.

अक्कांना आम्ही काहिलीत घेतलं. मालकांनी एक पाय आत टाकला, आणि दुसरा पाय गॅलरीतच ठेवून, वाकून ग्रीलचं दार ओढून घेतलं. किल्ली कुलपात घातली. तेवढ्यात पाण्याची ओढ लागली आणि काहील फिरली. अक्का कलंडल्या. ढकलणारं एक पोरगं ओरडलं, "अण्णा, सोडा." त्यांच्या एका हातात कुलूप होतं आणि दुसऱ्या हाताला अक्कांचा पदर लागला होता. त्यांनी कुलूप सोडलं आणि दोन्ही हातांनी अक्कांना धरलं. आम्ही निघालो तेव्हा ग्रीलचं दार सताड उघडं झालं होतं आणि किल्ली कुलपाला लोंबत होती. ते त्यांनी बघितलं. मी मुद्दाम त्यांच्याकडं बघत होते.

दवाखान्यात अक्कांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, सांगता येत नाही. मालक स्टुलावर बसले. मला खात्री होती, पाणी जरा उतरलं की हा माणूस पळणार. भिंतीच्या पलीकडं कुणी पुराचं बोललं की ते कान द्यायचे, उठून दारापर्यंत जायचे, दारात उभे राहून बाहेर बघायचे. मग मागं खाटेवर खोकल्याचा आवाज यायचा आणि ते परत येऊन बसायचे. असं किती वेळा झालं. आता गेले, आता गेले, असं वाटायचं.

पाणी उतरल्यावर घर बघायला मीच गेले. खाली गुडघाभर चिखल. माडीवर जायला जिना खरवडावा लागला. वर पाणी पोचलंच नव्हतं, पण ट्रंका नव्हत्या. तांब्याचा बंब, पितळी हंडे, कपाटातलं जे काही होतं ते सगळं गेलं होतं. मालकांनी सगळं एका जागी रचून ठेवलं होतं, चोराला शोधायचे सुद्धा कष्ट पडले नव्हते. कुलूप तसंच होतं, फुटलेलं नाही, नुसतं उघडं.

दवाखान्याची वाट मला संपू नये असं वाटत होतं. ज्या एका गोष्टीच्या भीतीनं या माणसानं सगळा जन्म काढला, बायकोला घराबाहेर सोडलं नाही, मुसळानं जमीन बडवली, ती गोष्ट झाली होती आणि ती त्यांना मी सांगायची होती. वॉर्डात शिरले. मालक खाटेवर वाकून अक्कांचं पांघरूण सारखं करत होते. अक्कांच्या नाकाची नळी काढलेली होती आणि त्यांचा श्वास शिट्टीशिवाय चालला होता.

"मालक," मी म्हटलं, "घर फोडलं. काही ठेवलेलं न्हाय."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," म्हणाले. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."